वाचक विचारतात : जिया जांग-खं, आणि पडद्याच्या कडेची काळी पट्टी

मागच्या अंकात चिनी दिग्दर्शक जिया जांग-खं याच्यावर दोन पानं छापली आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी किनाऱ्यावरून. एका परीने ते साहजिक आहे. पोटापाण्यासाठी शहरात गेलेली माणसं, मागे राहिलेलं गाव आणि गावाच्या अंगावर आलेला प्रकल्प हे या माणसाचे विषय, आणि ते कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

नाव नक्की कसं लिहायचं? सगळीकडे ‘झांगके’ दिसतं, तुम्ही ‘जांग-खं’ छापलंत. कार्ड ‘ज’खाली लावू की ‘झ’खाली?
*— ग्रंथपाल, रत्नागिरी*

‘ज’खाली लावा, पण ते ‘जिया’मुळे. चिनी नावात आडनाव आधी येतं, आपल्या मतदारयादीत येतं तसं. जिया हे आडनाव आहे.

राहिला उच्चार. रोमन लिपीतलं ‘झेड-एच’ पाहून आपण ‘झ’ म्हणतो, पण त्या ध्वनीत हकार नाही. जिभेचं टोक किंचित मागे वळवून ‘जीव’मधला ज म्हणा, ‘जाळं’मधला ज तिथे चालणार नाही. शेवटचं अक्षर ‘के’ तर मुळीच नाही. ‘खरं’, ‘बरं’ म्हणताना शेवटी आपण जो स्वर लांबवतो, त्याच्या जवळचा तो स्वर आहे आणि त्याआधीचा क महाप्राण, म्हणून ‘खं’. इंग्रजांना इथे कसरत करावी लागते, आपल्याला नाही. याच न्यायाने त्याची नायिका आणि पत्नी ‘झाओ ताओ’ नसून जाओ थाओ, आणि त्याचं गाव ‘फेनयांग’ नसून फनयांग.

कार्डावर प्रांत लिहिणार असाल तर सांभाळा. शान्शी नावाचे दोन प्रांत शेजारी-शेजारी आहेत आणि बोलताना दोघांत फरक फक्त सुराचा. जिया कोळशाच्या खाणींच्या, पूर्वेकडच्या शान्शीचा. दिग्दर्शक झांग यिमोउ (हे नाव मराठीत इतकं रुळलंय की आता ‘झ’ राहू द्या) पश्चिमेकडच्या, शीआनच्या शान्शीचा. बऱ्याच लेखांत दोघांना एका प्रांतात बसवलेलं असतं.

शाळेच्या सभागृहात आमच्या फिल्म क्लबने ‘माउंटन्स मे डिपार्ट’ लावला. चित्र अरुंद, दोन्ही बाजूंना काळं. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मुलाने रिमोटवर झूम करून पडदा भरला, तर माणसांची कपाळं गेली आणि खालची सबटायटल्सही. थोड्या वेळाने चित्र चारही बाजूंनी कापलं जायला लागलं. फाइल खराब होती की प्रोजेक्टर?
*— फिल्म क्लब, देवगड*

दोन्ही ठीक होते. अरुंद चित्र दिग्दर्शकानेच दिलेलं आहे.

२०१५ च्या या चित्रपटाचे तीन भाग आहेत. १९९९, २०१४ आणि २०२५. प्रत्येक भागात चौकटीचा आकार वेगळा आहे. पहिल्यात रुंदी उंचीच्या १.३३ पट, म्हणजे जुन्या टीव्हीची चौकट, दुसऱ्यात १.८५ पट, तिसऱ्यात २.३९ पट. कारण आधी व्यवहाराचं होतं. नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला जियाने साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर गावाकडचं बरंच चित्रण करून ठेवलं होतं, आणि ते जुन्या टीव्हीच्या आकाराचं होतं. ते पहिल्या भागात मिसळायचं म्हणून तो सगळा भागच त्या आकारात घेतला. मग त्यातून अर्थही निघाला. काळ पुढे जातो तसा पडदा रुंदावतो आणि माणसांमधलं अंतरही वाढत जातं. तिसऱ्या भागात गोष्ट ऑस्ट्रेलियात जाते, डॉलर नावाचा मुलगा आईची भाषा विसरलेला असतो, आणि एवढ्या रुंद चौकटीत त्याच्या शेजारी बरीच मोकळी जागा उरते. तुमच्या मुलाने झूमचं बटण दाबलं तेव्हा नेमकं हेच पुसलं गेलं.

तुमचा पडदा १२ फूट रुंद आणि ६ फूट ९ इंच उंच असेल (आजच्या प्रोजेक्टरचं १६:९ हे प्रमाण), तर बरोबर चित्र असं पडेल. पहिल्या भागात ते ९ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट काळं. दुसऱ्यात पडदा जवळजवळ भरलेला, वर-खाली जेमतेम दीड इंच काळं. तिसऱ्यात उंची सुमारे ५ फूट, वर-खाली दहा-दहा इंच काळं. हे आकडे कागदावर लिहून प्रोजेक्टरवर चिकटवा. मग मध्येच कुणी “अरे, पडदा भरा की!” म्हणून ओरडलं तर दाखवायला बरे.

झूम केल्यावर झालं ते असं. ९ फुटांचं चित्र १२ वर ताणण्यासाठी मशीनने सगळंच एकतृतीयांशाने मोठं केलं. उंचीतला एक-अष्टमांश वर गेला, एक-अष्टमांश खाली गेला, आणि सबटायटल त्या खालच्या तुकड्यात होतं. दुसरा भाग मुळातच पूर्ण रुंदीचा असल्याने तिथे बाजूही कापल्या गेल्या.

पुढच्या वेळी प्रोजेक्टरचा आस्पेक्ट (चित्राचं प्रमाण) ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’वर ठेवा आणि रिमोट खिशात टाका. लॅपटॉप जोडताना ‘डुप्लिकेट’ केलं तर कधीकधी रिझोल्यूशन आपोआप १०२४ बाय ७६८ वर जातं आणि सगळेजण आडवे ताणल्यासारखे, बुटके दिसतात. ते १९२० बाय १०८० करून घ्या. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करू नका. त्याने तपशील मरतो आणि सबटायटलची अक्षरं कुरतडल्यासारखी होतात. त्याऐवजी टेबलाखाली दोन विटा सारा. खेळाच्या आदल्या दिवशी तिन्ही भागांतलं एकेक मिनिट लावून बघा. आपण नेहमी सुरुवातीची दोन मिनिटं बघून निर्धास्त होतो, आणि या चित्रपटात तेवढंच पुरत नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर असू द्या, नाहीतर मागच्या रांगांना सबटायटलऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात.

एक आठवण : विकत घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं खातं घरी बघण्यापुरतं असतं. सार्वजनिक खेळाला, तिकीट नसलं तरी, हक्कधारक वितरकाची लेखी परवानगी लागते. ईमेलवर मागता येते. छोट्या क्लबांना बऱ्याचदा सवलतही मिळते.

इंग्रजी सबटायटल आमच्या वाडीतल्या अर्ध्या लोकांना वाचता येत नाहीत. मराठी करून लावली तर कधी चौकोन दिसतात, कधी संवाद होऊन गेल्यावर अक्षरं येतात.
*— शिक्षिका, गुहागर*

चौकोन दिसतात याचा अर्थ फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये साठवली गेली किंवा प्लेअरला देवनागरी फॉन्ट सापडला नाही. एसआरटी फाइल (सबटायटलची फाइल) ‘यूटीएफ-८’ एन्कोडिंगमध्ये साठवा आणि प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट निवडा. टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावला तर काही टीव्ही जोडाक्षरं फोडून दाखवतात. अशा वेळी लॅपटॉपवरूनच दाखवा.

उशिराचं दुखणं दोन प्रकारचं असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच, समजा तीन सेकंद, उशीर असेल तर प्लेअरमध्ये तेवढा वेळ मागे-पुढे केला की झालं. पण सुरुवातीला बरोबर आणि तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडला असेल, तर फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या प्रतीची आणि चित्रपट २५ चा आहे, किंवा उलट. तिथे नुसतं सरकवून भागत नाही, सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम रेट बदलून घ्यावा लागतो.

भाषांतर करताना दोन ओळींच्या वर जाऊ नका, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं पुष्कळ झाली. जियाच्या चित्रपटात माणसं कमी बोलतात, त्यामुळे हे काम वाटतं तेवढं मोठं नाही. गाणी मात्र सोडू नका. त्याच्याकडे पात्रं मनातलं बोलत नाहीत, कॅसेटवरचं गाणं त्यांच्या वतीने बोलतं.

तिळारी धरणात आमच्या भागातली गावं गेली. ‘स्टिल लाइफ’ धरणावर आहे असं वाचलं. त्यात काय बघायला मिळेल?
*— निवृत्त कर्मचारी, दोडामार्ग*

धरण जवळजवळ दिसतच नाही. दिसतं ते धरणाआधीचं गाव, म्हणजे पाणी येण्याआधी माणसांनी हातांनी पाडलेलं गाव.

यांगत्सी नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी टप्प्याटप्प्याने चढवलं : २००३ मध्ये १३५ मीटरपर्यंत, २००६ मध्ये १५६, २०१० मध्ये १७५. सरकारी हिशेबानेच सुमारे १३ लाख माणसं उठली. फंगज्ये हे दोन हजार वर्षांहून जुनं गाव त्यात गेलं. ल्यू श्याओदोंग हा चित्रकार तिथल्या मजुरांची चित्रं काढत होता आणि जिया त्याच्यावर ‘दोंग’ हा माहितीपट करायला गेला होता. तिथे पोचल्यावर त्याला ‘स्टिल लाइफ’ हा कथापट सुचला आणि माहितीपटाच्या जोडीनेच त्याने तो उरकला. थांबायला वेळच नव्हता. आज उभी असलेली भिंत पुढच्या आठवड्यात उभी असेलच असं नव्हतं. एचडी व्हिडिओवर, मोजक्या माणसांत हे काम झालं. २००६ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळाला.

गोष्ट दोन ओळींची आहे. शान्शीचा एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला शोधत येतो. एक परिचारिका परागंदा नवऱ्याला शोधत येते. दोघांची गाठ पडत नाही. खाणकामगार झालेला हान सानमिंग हा जियाचा नात्यातला भाऊ, आणि तो खरोखरच खाणीत काम केलेला. त्याच्या पाठीचा बाक अभिनयातून आलेला नाही.

एक जागा नीट बघा. मजूर दहा युआनची नोट काढून सानमिंगला दाखवतात. नोटेच्या मागे त्यांच्या इथल्या घळीचं चित्र आहे. तो मग पन्नासची नोट काढतो, तिच्यावर त्याच्या मुलखातला पीत नदीचा हुकोउ धबधबा. दोन परमुलखातली माणसं आपापलं गाव एकमेकांना नोटेवर दाखवतात, आणि त्यातल्या एकाच्या गावाची ती घळ पाण्याने भरत चाललेली. एवढ्याशा प्रसंगात पैसा, गाव, ओळख सगळं येऊन जातं आणि कुणीही त्यावर भाष्य करत नाही. आमच्या मते जियाच्या सगळ्या कामातला हा सर्वांत नेटका प्रसंग आहे.

मध्येच आकाशातून उडती तबकडी जाते आणि एक अर्धवट बांधलेली इमारत रॉकेटसारखी उडते. प्रोजेक्टर पुन्हा तपासू नका. दोन हजार वर्षांचं गाव दोन वर्षांत नाहीसं होतं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना तबकडीचं काय नवल, असा त्याचा हिशेब आहे. हे काहींना खटकतं, आणि खटकलं तर त्यात चूक नाही.

आमका शॉर्टफिल्म मालवणीतच करूची आसा. मुंबयचे मित्र म्हणतत, ‘ह्यां कोणाक कळतला?’ जियाने ह्यां कसां केल्यान? आणि बाजारात शूट करताना सगळे कॅमेऱ्याकडेच बघत रवतत, त्येचा काय करूचा?
*— तीन मित्र, कुडाळ*

मालवणी सोडू नका. जियाचा पहिला मोठा चित्रपट, १९९७ चा ‘श्याओ वू’, १६ एमएम फिल्मवर त्याच्याच गावात, फनयांगमध्ये घेतला. एका खिसेकापूची गोष्ट, आणि पात्रं फनयांगची बोली बोलतात. ती बोली पेइचिंगच्या (बीजिंगच्या) माणसालाही धड कळत नाही. म्हणून चीनमध्येही खाली अक्षरं लागतात, आणि लोक ती वाचतात. मुख्य भूमिका केली वांग होंगवेइने. तो जियाचा वर्गमित्र, नट नव्हे. बाकी बहुतेक गावचीच माणसं.

बोलीचा फायदा कानापुरता नसतो. पाठ केलेलं प्रमाण मराठी बोलताना माणसाची मान ताठ होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. तेच वाक्य त्याच्या बोलीत आलं की हात आपोआप सुटतात. तेव्हा संवाद लिहून पाठ करायला देऊ नका. प्रसंग सांगा, कुठून सुरू करून कुठे संपवायचं तेवढं ठरवा, मधलं त्यांचं त्यांना बोलू द्या. फक्त एक अट ठेवा : दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही. आवाज नंतर सोडवता येत नाहीत.

बघ्यांचं काय करायचं, याचं उत्तर ‘श्याओ वू’च्या शेवटात आहे. पोलिस नायकाला रस्त्याकडेच्या खांबाच्या तारेला बेडीने अडकवून जातो. तो उकिडवा बसतो. जाणारे-येणारे थांबतात, बघायला लागतात, गर्दी वाढते. ती रस्त्यावरची खरी माणसं आहेत. कॅमेरा कैद्याच्या जागी येतो आणि गर्दी आता आपल्याकडे बघत असते. म्हणजे जी अडचण तुम्हाला आठवडी बाजारात येतेय, ती त्याने लपवली नाही, शेवट म्हणून वापरली. तुमच्या प्रसंगात कुणी बघायला थांबण्याजोगं काही नसेल, तर दुसरा उपाय करा. कॅमेरा स्टँडवर लावून अर्धा तास नुसता उभा ठेवा, कुणी मागे थांबू नका. लोक कंटाळून आपल्या कामाला लागतात. मग शूट करा.

आता किनाऱ्यावरच्या अडचणी. समुद्राचा वारा साध्या फोमच्या टोपीने अडत नाही. माइकवर केसाळ विंडशील्ड हवं आणि रेकॉर्डरचा लो-कट (खालचे घुमणारे आवाज गाळणारी सोय) ८० ते १०० हर्ट्झवर. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसता तिथला आवाज घ्या, दोन संवादांमधल्या फटी त्याने बुजतात. पत्र्यावरचा पाऊस नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. एकतर प्रसंगातच पाऊस आहे असं लिहा, नाहीतर शूटिंग ढकला. ‘श्याओ वू’ ऐकताना लक्ष ठेवा : रस्त्यावरचे भोंगे, मोटारसायकली, कराओके, सगळं संवादाच्या अंगावर येतं. पण तो गोंधळ निवडून लावलेला आहे, चुकून शिरलेला नाही. चुकून शिरलेला गोंधळ ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

फोनवर करणार असाल तर व्हिडिओ अ‍ॅपमध्ये सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठरवून लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. शिवाय फोन आपल्या मर्जीने चौकटी कमी-जास्त करत असेल, तर वेगळा घेतलेला आवाज दहा मिनिटांत ओठांपासून सुटतो. प्रत्येक शॉटला एक टाळी वाजवा, म्हणजे आवाज चित्राशी जुळवता येतो.

एसी गाडीतून कॅमेरा काढून लगेच झाकण उघडलं की काचेवर धुकं येतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबा. आणि पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की ते भाजून पुन्हा वापरता येतात. लेन्सला बुरशी एकदा लागली की काच पुसून ती जात नाही.

हा दिग्दर्शक बंदी घातलेला बंडखोर आहे की सरकारी माणूस? दोन्ही वाचायला मिळतं.
*— प्राध्यापक, चिपळूण*

दोन्ही खरं आहे, वर्षं वेगळी आहेत.

जन्म १९७०. वडील शिक्षक. तायुआनमध्ये चित्रकला शिकत असताना त्याने ‘यलो अर्थ’ पाहिला आणि चित्रपटाकडे वळला. पेइचिंग फिल्म अकादमीत लगेच प्रवेश मिळाला नाही. १९९३ मध्ये मिळाला तोही चित्रपट-सिद्धान्ताच्या विभागात. ‘श्याओ वू’ मंजुरी न घेता परदेशी महोत्सवांत गेला आणि १९९९ मध्ये चित्रपट खात्याने त्याला काम करायला मनाई केली. तरी २००० चा ‘प्लॅटफॉर्म’ आणि २००२ चा ‘अननोन प्लेझर्स’ झालेच. चीनमध्ये ते पसरले चोरट्या डिस्कवरून. ‘अननोन प्लेझर्स’मध्ये चोरट्या डिस्क विकणाऱ्या पोराकडे एक गिऱ्हाईक ‘श्याओ वू’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ मागतं. गिऱ्हाईक आहे वांग होंगवेइ.

२००४ मध्ये मनाई उठली आणि ‘द वर्ल्ड’ हा त्याचा पहिला मंजूर चित्रपट आला. तरीही २०१३ चा ‘अ टच ऑफ सिन’, ज्याला कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं, चीनच्या चित्रपटगृहांत लागला नाही. त्यात खऱ्या घडलेल्या हिंसेच्या चार गोष्टी आहेत. २०१७ मध्ये त्याने पिंग्याओ या तटबंदीच्या गावात चित्रपट महोत्सव सुरू केला, २०१८ मध्ये तो राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचा, म्हणजे चीनच्या संसदेचा, सदस्य झाला. तडजोड केली का? केली. तिच्या बदल्यात त्याचे चित्रपट त्याच्या गावात दिसायला लागले. ‘श्याओ वू’चा ओबडधोबड धारदारपणा पुढच्या चित्रपटांत उरला नाही, हेही आमचं मत आहे.

पाच-सहा चित्रपटांचा महोत्सव करायचा तर क्रम कसा लावू? आणि मुख्य चित्रपटाआधी काही छोटं?
*— वाचनालय, मालवण*

‘स्टिल लाइफ’ने सुरुवात करा, मग ‘श्याओ वू’, मग ‘माउंटन्स मे डिपार्ट’, ‘अ‍ॅश इज प्युअरेस्ट व्हाइट’, आणि शेवटी २०२४ चा ‘कॉट बाय द टाइड्स’. हा शेवटचा वीसेक वर्षांच्या चित्रणातून जुळवलेला आहे. जाओ थाओ तरुणपणापासून मध्यमवयापर्यंत खरोखर वाढताना दिसते, तेव्हा आधीचे पाहिल्यावरच त्याची मजा. ‘प्लॅटफॉर्म’ अडीच तासांहून लांब आणि संथ आहे; रविवारी सकाळी लावा, रात्री जेवणानंतर नको.

छोटं म्हणून ‘द बकेट’. २०१९ मध्ये आयफोनवर चित्रित केलेली ही सहाएक मिनिटांची फिल्म मुळात फोनची जाहिरात आहे, पण ते विसरायला होतं. नववर्षाची सुट्टी संपवून मुलगा शहराला निघतो आणि आई त्याच्या हातात टेपने घट्ट बंद केलेली जड बादली देते. मोटारसायकल, होडी, बस करत तो ती वागवतो. खोलीवर पोचल्यावर उघडतो तर वर वाळू. वाळूत हात घातल्यावर एकेक अंडं निघतं, एकही न फुटलेलं. गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत कोकम आणि सुके बांगडे कोंबणाऱ्या प्रेक्षकांपुढे हिला सबटायटल नसलं तरी चालेल.